जुन्या शेतीअवजारांची शिल्पं बनवायचीत? आधी लोखंड ओळखायला शिका

माझा पहिला पीस होता कोंबडा. अंगाला ट्रॅक्टरच्या नांगराचा फाळ, तुऱ्याला विळा आणि शेपटीला रोटाव्हेटरची सहा पाती, कारण ती पाती मुळातच अशी वाकलेली असतात की पिसारा आपोआप तयार होतो. रोज ग्रिलला जो रॉड वापरायचो त्यानंच वेल्डिंग मारलं आणि लवकर गार व्हावं म्हणून गरम पीस तसाच पाण्याच्या बादलीत बुडवला. सकाळी येऊन बघतो तर तीन पिसं खाली पडलेली.

तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कामाला होतो, आयटीआयचा वेल्डर ट्रेड झालेला, एक वर्षाचा असतो तो. ग्रिल, शटर, जिने अशी कामं हातात बसलेली, त्यामुळं वेल्डिंग येतंय असंच वाटायचं मला. आमच्या मेस्त्रींनी पडलेलं पातं उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "हे बघ, वेल्ड कुठं तुटलाय? वेल्ड हाय तसा हाय, त्याच्या शेजारचं लोखंड फुटलंय. तू काय जोडालाईस तेच तुला ठावं नव्हतं."

या कामात नवीन येणाऱ्याला मला हेच सांगायचंय. ग्रिलच्या कामात सगळं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, साधं मऊ लोखंड असतं, दुकानातनं नवीन पट्टी आणायची, कापायची, जोडायची. शेतातनं आलेल्या लोखंडाचं तसं नाही, एकाच पोत्यात चार जातीचं लोखंड निघतं आणि गंजलं की सगळं सारखंच दिसतं. रोटाव्हेटरचं पातं मातीत झिजू नये म्हणून कडक केलेलं असतं, ते वेल्डिंगनं तापवून एकदम गार केलं की जोडाच्या कडेला काचेसारखं ठिसूळ होतं. जुन्या नांगराचे, ऊस गाळायच्या चरकाचे बरेच भाग बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात, त्याला साधा रॉड लावला की तडा गेलाच समजा. बैलगाडीच्या चाकाची धाव मात्र बहुतेक मऊ लोखंडाची, वाकवा, जोडा, काय पण करा.

ओळखायचं कसं ते मेस्त्रींनी त्याच दिवशी शिकवलं. शेडमधली लाईट बंद केली आणि एकेक तुकडा ग्राइंडरला लावून ठिणग्या बघायला सांगितल्या. एमएसच्या ठिणग्या लांब, पिवळसर, सरळ जाणाऱ्या, फुटणाऱ्या कमी. कमानपाट्यासारखं, म्हणजे गाडीच्या पट्टीच्या स्प्रिंगसारखं, जास्त कार्बनचं स्टील लावलं की ठिणग्या पांढरट आणि टोकाला फुलबाजीसारख्या खूप फुटतात. बीडाच्या ठिणग्या आखूड, लालसर, मंद. महिनाभर रोज पंधरा मिनिटं एवढंच करा, माहिती असलेले तुकडे शेजारी ठेवून मिळवून बघा. माझ्या मते वेल्डिंगच्या हातापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

दुसरी पद्धत म्हणजे विचारायचं. ज्याच्याकडनं वस्तू घेताय त्याला, हे कशाचं होतं, कुणी घडवलं, कशाला वापरायचे. करवीर तालुक्यातल्या एका आजोबांकडनं मी ऊस तोडायचा जुना कोयता घेतला, ते म्हणाले गावच्या लोहारानं ट्रकच्या कमानपाट्यापासनं घडवलाय. झालं, ठिणगी न बघता मला कळलं की हे स्प्रिंग स्टील आहे, सांभाळून तापवायला पाहिजे. आणि वर ते बोलत बसले, एका बाजूनंच का झिजलाय, डावखुरे होते म्हणून. ती झीज मी नंतरच्या पीसमध्ये तशीच ठेवली, ग्राइंडर लावला नाही.

कडक स्टील जोडायचंच असेल तर आधी गॅसच्या टॉर्चनं साधारण २०० डिग्रीपर्यंत सगळीकडनं सारखं तापवायचं, ७०१८ नंबरचा कोरडा वेल्डिंग रॉड वापरायचा (हा रॉड ओल धरतो, पावसाळ्यात उघड्यावर पडलेला असेल तर भट्टीत सुकवल्याशिवाय वापरू नका) आणि जोड झाला की पीस राखेत पुरून ठेवायचा, रात्रभर, म्हणजे हळूहळू गार होतो. बीडाला निकेलचा रॉड मिळतो पण महाग पडतो, लहान तुकड्यांना मी पितळेचं ब्रेझिंग करतो, म्हणजे बीड न वितळवता पितळ वितळवून जोडतो, नाहीतर सरळ भोक पाडून नटबोल्ट. नटबोल्टची लाज वाटून घेऊ नका, शेतातल्या अवजारावर बोल्ट शोभतोच.

आता तब्येतीचं, हे नीट वाचा. जीआयची पत्रा-बादली, पाइप, तार, यावर जस्ताचा थर असतो. तो न काढता वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, त्यावेळी फार काही वाटत नाही आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. मला झालंय. दीड दिवसात उतरला ताप, पण ती रात्र विसरत नाही. थर आधी घासून काढा, मास्क घाला आणि मोकळ्या हवेत काम करा. पितळी फवारणी पंप दिसायला फार देखणे असतात, सगळ्यांना घ्यावेसे वाटतात, पण आत वर्षानुवर्षाचं कीटकनाशक बसलेलं असतं, ते तापवायचं कामच नाही. आणि डिझेलची टाकी, ऑईलचा बंद डबा, बॅरल, रिकामं दिसलं तरी कापायला घेऊ नका, आतल्या वाफेनं स्फोट होतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळं रंगवलेल्या वस्तू पण ग्राइंडरनं उडवत बसू नका.

गंज काढायला मी कपब्रश, म्हणजे ग्राइंडरला लावायचा तारेचा ब्रश, कमीच वापरतो, वरचा काळा जुना थर पण निघून जातो आणि वस्तू नवीन दिसायला लागते, मग काय उपयोग. लहान वस्तू व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस ठेवायच्या, सोड्याच्या पाण्यात धुवायच्या आणि लगेच सुकवायच्या. घरात ठेवायच्या पीसला जवसाचं तेल किंवा मेण, पीस कोमट असताना चोळायचं. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा. बाहेर ठेवायचा असेल तर आपल्याकडचा पाऊस लक्षात घ्या, राधानगरी, गगनबावड्याकडं तर बोलायलाच नको. क्लिअर लॅकर मारून दिलेला माझा एक बैल पहिल्याच पावसाळ्यात सोलला, कारण खाली गंज शिल्लक होता. आता बाहेरच्या पीसला रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर रंग, नाहीतर गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की हा गंजणार आणि तसाच छान दिसणार.

डिझाइनचं कुणी काही शिकवत नाही असं वाटत असेल तर कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम बघून या. मोट, नांगरट, लोहाराचा भाता, सगळं माणसं-जनावरांच्या शिल्पांतून दाखवलंय, कुठलं अवजार हातात कसं धरतात ते तिथं कळतं. आणि पिकासोनं १९४२ मध्ये केलेलं बैलाचं डोकं फोटोत तरी बघा, सायकलची सीट आणि हँडल, दोनच वस्तू. बैल दिसतो आणि सीट ती सीट पण दिसते. मी पण आता पीसमध्ये तुकडे कमी करत चाललोय. चाळीस तुकड्यांचा मोर करण्यापेक्षा चार तुकड्यांचा बगळा करून बघा, अवघड आहे.

अखंड, चालू अवस्थेतलं अवजार आलं तर कापू नका. एक आख्खा लोखंडी नांगर माझ्याकडं आला होता, तो मी साफ करून मालकालाच परत दिला. तुटकं, सुटं इतकं मिळतं की त्याची गरज पडत नाही, आणि आपण नाही घेतलं तर ते फौंड्रीत वितळायला जातंच.

पैशाचं थोडक्यात. पहिलं दीड-दोन वर्ष नोकरी सोडू नका. भाव किलोवर सांगू नका, गिऱ्हाईक विचारतंच की भंगार किती किलोचं, तुम्ही तासांचा हिशोब लिहून ठेवा, गोळा करायला गेलेले तास पण धरून. माझी बरीचशी कामं कृषी पर्यटनवाल्यांची आणि ज्यांनी गावाकडचं घर पाडून नवीन बांधलं अशा लोकांची असतात, हे दुसरे लोक स्वतःच्याच घरातलं लोखंड घेऊन येतात.

आणि राखेचं राहिलं. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख सगळ्यात बारीक आणि कोरडी मिळते. हंगाम चालू असतानाच चार पोती मागून आणा आणि झाकून ठेवा, पावसाळ्यात शोधायला गेलात तर मिळत नाही.