बाराच्या दराचं वीजबिल आणि विहिरीवरचा पंप

गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीला मी भाड्यानं राहते. माझं वीजबिल वहीच्या चौकोनी पानावर येतं. घरमालक काका महिन्याच्या एक तारखेला जिन्याखालच्या सबमीटरांवर, म्हणजे प्रत्येक भाडेकरूच्या वेगळ्या छोट्या मीटरवर, बॅटरी मारतात, आकडे लिहितात आणि पान दाराच्या कडीत अडकवून जातात. एप्रिलच्या पानावर होतं: २१४ युनिट, दर १२, एकूण २,५६८. माझ्याकडे एसी नाही. दिवसभर मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत हिशेब लिहीत असते, घरात माणूस नसतं. तरी अडीच हजार.

पहिली चूक मी केली ती सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. पान हातात घेऊन तशीच खाली गेले आणि "काका, हे जास्त होतंय" म्हणाले. काका शांतपणे म्हणाले, "बाये, मीटर फट उलयना." मीटर खोटं बोलत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी मीटर वाचलंच नव्हतं. नुसतं 'जास्त' म्हणून भांडता येत नाही. आकडा घेऊन जावं लागतं, आणि तो आकडा तुम्ही स्वतः काढलेला हवा.

तर आधी आपला वापर मांडा. वॅट गुणिले तास, भागिले हजार, की युनिट. माझं असं झालं: पंचाहत्तर वॅटचे दोन पंखे बारा-बारा तास, महिन्याला ५४. इंडक्शन दोन हजार वॅटचं, रोज पाऊण तास, म्हणजे दीड युनिट, महिन्याचे ४५. फ्रिज साधारण ३५. दिवे, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन मिळून वीस धरले. बेरीज १५४. पाच-दहा युनिट इकडेतिकडे होतातच, पण साठ युनिट कुठून येणार?

मग रविवारी सकाळी घरातला मेन स्विच बंद केला आणि खाली जाऊन माझ्या सबमीटरकडे बघत उभी राहिले. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी छापलेलं असतं की इतक्या लुकलुकींना एक युनिट. माझ्या मीटरवर ३२०० आहे. घर पूर्ण बंद असेल तर तो दिवा थांबायला हवा. माझा थांबला नाही. मोबाइलवर वेळ लावून मोजलं: मिनिटाला ४८. म्हणजे तासाला २,८८०, आणि ३२०० ने भागलं की तासाला ०.९ युनिट. नऊशे वॅट! बंद घरात नऊशे वॅट कोण ओढतंय?

तेवढ्यात मागच्या परसात घरघर थांबली आणि दिवाही थांबला. विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप. टाकी भरली होती. कधीकाळी कुणा वायरमननं जवळची वायर दिसली म्हणून पंप माझ्या लाइनवर जोडला, आणि मी चार घरांचं पाणी उपसत होते. एप्रिलमध्ये विहीर खोल जाते, पंप सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास चालतो. महिन्याला ५४ युनिट.

या वेळेला व्हिडिओ काढा. मेन स्विच बंद आहे हे आधी दिसू दे, मग न तोडता मीटरवर या, आकडे वाचता येतील इतक्या जवळून. मीटरचं झाकण उघडू नका, सीलला हात लावू नका, वायर तर ओढूच नका. उद्या तुमच्यावरच येईल. मेन स्विच बंद केल्यावर दिवा थांबला तर गोष्ट तुमच्या खोलीतली आहे. फलकावरची एकेक एमसीबी, म्हणजे एकेका लाइनची खटकी, चढवत जा. बहुतेक वेळा गीझर निघतो. दोन किलोवॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, आणि बटण लावून विसरणारी मी एकटीच नसेन.

आता दराकडे. यासाठी वीज खात्याचं मूळ बिल बघायलाच हवं. वहीचं पान म्हणजे बिल नव्हे. गोव्यात वीज सरकारचं वीज खातंच पुरवतं, आणि घराच्या नावाचं बिल सीए क्रमांकावर, म्हणजे ग्राहकाच्या खाते क्रमांकावर, येतं. तो क्रमांक गोडीनं मागून घ्या. "काका, फोटो पाठवाल? कंपनीत दाखवायचाय" एवढं मला पुरलं. बिलात पाच गोष्टी बघा: किती दिवसांचं आहे, वर्ग घरगुती की व्यावसायिक, एकूण युनिट, मागची थकबाकी आणि उशिराचा आकार. थकबाकी नि उशिराचा आकार बाजूला काढा, तो मालकाचा कारभार. समोरच्या खोलीत सलून आहे म्हणून वर्ग बदलला असेल किंवा दंड लागला असेल, तर तोही भाडेकरूच्या माथी येत नाही.

आमच्या घराचं त्या महिन्याचं बिल होतं ६१२ युनिटांचं, ३,०६० रुपये, स्थिर आकार आणि शुल्क धरून. भागाकार करा: युनिटला पाच रुपये. तिन्ही भाडेकरूंचे सबमीटर मिळून ४६८ युनिट, बाराच्या दरानं ५,६१६ रुपये. पूर्ण घराच्या बिलापेक्षा अडीच हजार जास्त, आणि काकांचा स्वतःचा टीव्ही-फ्रिज त्यात फुकट. हा कागद मी तीनदा तपासला, कारण माझाच विश्वास बसेना.

काकांची एक गोष्ट मात्र खरी होती, आणि ती मान्य केली नाही तर बोलणं तिथंच फिसकटतं. घरगुती दर शंभर-शंभर युनिटांच्या टप्प्यांनी चढतो, चारशेच्या वर सगळ्यात महाग. चार चुली एका मीटरवर म्हणजे सगळे मिळून वरच्या टप्प्यात. एकट्यानं दोनशे युनिट वापरली असती तर स्वस्त पडली असती. म्हणून सरासरी दर हाच न्यायाचा: एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, गुणिले आपली युनिटं. पंप, जिन्यातला दिवा हे सामायिक, ते घरांच्या संख्येनं वाटायचं. माझा हिशेब असा आला: २१४ वजा ५४, म्हणजे १६० युनिट, पाचनं ८००. पंपाचे २७० भागिले चार, ६७ रुपये ५० पैसे. एकूण ८६७.५०.

आणखी एक फट असते, तारखेची. काका एक तारखेला आकडे लिहितात, खात्याचा माणूस भलत्याच दिवशी येतो. मग मूळ बिलाचे दिवस आणि सबमीटरचे दिवस जुळत नाहीत. तो आला की त्याच दिवशी आपल्या सबमीटरचा फोटो काढायचा. कुत्रं भुंकलं की मला कळतं.

बोलायला जाण्याआधी तुमचा करार काढा. 'वीज प्रत्यक्ष वापराप्रमाणे' असं लिहिलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम. 'युनिटला बारा रुपये' असं लिहून तुम्ही सही केली असेल तर हात दगडाखाली आहे. मग पंपाचं आधी मिटवा, दराचं नूतनीकरणाच्या वेळी. परवान्याशिवाय वीज विकता येत नाही हे २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे, पण हा बाण पहिल्या दिवशी काढू नका. माणूस घाबरला की खोली रिकामी करा म्हणतो.

तोंडी बोलणं झालं की लगेच व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. मी लिहिलं ते असं: "काका, आज बोलल्याप्रमाणे, मेन स्विच बंद असताना माझा सबमीटर मिनिटाला ४८ वेळा लुकलुकतो, व्हिडिओ सोबत आहे. पंप माझ्या लाइनवर आहे. एप्रिलचे माझे ८६७.५० होतात, आज यूपीआयनं पाठवते. पंपाची वायर बदलेपर्यंत महिन्याला ५४ युनिट माझ्या रीडिंगमधून वजा धरू या. मागचं बसून ठरवू." यूपीआयच्या शेऱ्यात 'एप्रिल वीज, १६० युनिट + पंप वाटा' असं टाका. वाद नसलेली रक्कम कधीही अडवून ठेवू नका. पैसे थकवणारा भाडेकरू म्हणून नाव झालं की बाकीचं कुणी ऐकत नाही.

पुढे अडलं तर कुठं जायचं? इथं बरेच जण फसतात. सबमीटर मालकाचा खाजगी; वीज खातं त्याच्याकडे बघणार नाही. मुख्य मीटर धावतोय असा संशय असेल तर १९१२ ला किंवा जवळच्या कार्यालयात तक्रार करता येते, सीए क्रमांक लागतो. तिथं दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल. पण बाराचा दर हा तुमचा आणि मालकाचा मामला, तो पंचायतीत नाहीतर वकिलाकडे सुटतो. स्त्रियांना मिळकत न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, १९८७ चा कायदा आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीत विचारा. मालकानं चिडून फ्यूज काढला तर लगेच फोटो, वेळ आणि लेखी तक्रार. थकबाकीसाठी वीज तोडायची तर ती खात्यानं, पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन.

जास्त वर्षं राहायचं असेल तर स्वतंत्र मीटर मागा. कलम ४३ मध्ये मालक किंवा तिथं राहणारा, दोघेही वीजजोडणी मागू शकतात असं आहे. प्रत्यक्षात मालकाचं संमतीपत्र मागतात, म्हणून हे भांडणाच्या आठवड्यात काढू नका. चतुर्थीला नेवऱ्या द्यायला जाल तेव्हा काढा.

आमच्याकडे वायरमन मे महिन्यात आला. पंप काकांच्या लाइनवर गेला. मागच्या अकरा महिन्यांचं काकांनी निम्मं मानलं, भाड्यातून दोन हप्त्यांत वळतं केलं. पावसाळ्यात पंप कमी चालतो हा त्यांचा मुद्दा मी नाकारला नाही, आणि ताणलंही नाही. दर आता मूळ बिलाच्या सरासरीनं. पान अजून कडीत अडकवतात, फक्त त्याला खात्याच्या बिलाची झेरॉक्स टाचलेली असते. खोली सोडाल त्या दिवशी किल्ली देण्याआधी शेवटच्या रीडिंगचा फोटो काढा, मालक शेजारी उभा असताना, आणि डिपॉझिटमधून किती वजा होणार ते त्याच्याच हातानं वहीच्या पानाच्या पाठीमागे लिहून घ्या.