४ बाय ५ निगेटिव्हवरचे बारीक पारदर्शक ठिपके अखेर गेले

देवगडला घरीच ४ बाय ५ इंचाची शीट फिल्म (रोल नव्हे, एकेक सुटा तुकडा) धुतो. निगेटिव्हवर, आभाळात जास्त, टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके यायचे, कडा एकदम शार्प, प्रिंटवर तेच काळे. पाण्याचे डाग किंवा धुताना चिकटलेले बुडबुडे असतील म्हणून डिस्टिल्ड वॉटर, फोटोफ्लो (सुकताना पाण्याचे डाग पडू न देणारं द्रव), प्रीसोक (डेव्हलपरच्या आधी फिल्म पाण्यात भिजवणं), सगळं केलं, काही फरक नाही. तीन महिने नुसता वैताग.

मग लूपने (छोट्या भिंगाने) नीट बघितलं तर एका ठिपक्याला केसासारखी शेपटी, म्हणजे बुडबुडा नाही, एक्स्पोजरच्या आधीच फिल्मवर धूळ बसलेली (प्रिंट करताना निगेटिव्हवर असलेली धूळ पांढरी येते, यावरून ओळखा). होल्डरच्या (कॅमेऱ्यात फिल्म धरणाऱ्या चपट्या चौकटीच्या) खाचेत पांढरा रुमाल फिरवला तर जांभ्याची लाल धूळ!

आता आधी डार्क स्लाइड (होल्डरचं प्रकाश अडवणारं सरकतं झाकण) काढून खाचा मऊ ब्रशने झाडतो, स्लाइड किंचित ओल्या कपड्याने पुसून पूर्ण सुकवतो. मग बाथरूमचा पंखा बंद, फरशीवर पाणी मारून अर्धा तास दार लावून ठेवायचं म्हणजे उडणारी धूळ खाली बसते. त्यानंतर अंधार करून, हात कोरडे करून, होल्डर उभा धरून दोनदा आपटायचा, फिल्म भरायची आणि लगेच झिपच्या पिशवीत. कॅमेऱ्यावर स्लाइड हळू ओढा, झटक्याने ओढली की स्टॅटिकमुळे (घासून तयार होणाऱ्या स्थिर विजेमुळे) धूळ चिकटते.

मागच्या १२ शीट स्वच्छ आल्यात.