पेट्रोलचा खर्च आवरायचाय? आधी किलोमीटरमागं किती जातंय ते काढा

रेट वाढला की आपल्याकडं चर्चा लई होते, चहाच्या गाड्यावर सरकारपासून अरबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो आणि मग तोच माणूस पंपावर जाऊन शंभरचं टाकून निघतो. आता शंभरचं टाकणाऱ्याला रेट वाढलेला कळतच नाही, खिशातनं शंभरच जातात, फक्त गाडी चार दिवसाच्या जागी तीन दिवसातच रिझर्व्हला येते. म्हणून पहिलं काम, बोर्डावरचा रेट बघायचं सोडा आणि आपली गाडी एका किलोमीटरला किती रुपये खाते ते काढा. पुढं काय करायचं ते सगळं त्या आकड्यावर ठरतंय.

काढायचं असं. टाकी फुल्ल करा, नोझल आपोआप कट झालं की बास, गळ्यापर्यंत ठासायचं नाही. ट्रिप मीटर झिरो करा, ते बंद असेल तर (आणि बऱ्याच गाड्यांचं बंदच असतंय) किलोमीटरच्या काट्याचा फोटो मारून ठेवा. रोजच्यासारखीच चालवा, हिशोब चाललाय म्हणून मुद्दाम संभाळून चालवली तर आकडा खोटा येणार. पाचसहा दिवसानं त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, परत फुल्ल करा. समजा १८० किलोमीटर झाले आणि ४ लिटर बसलं, म्हणजे ॲव्हरेज ४५. पेट्रोल १०५ धरलं तर किलोमीटरला २ रुपये ३३ पैसे. असं तीनचार टाक्या करा, एका टाकीवर भरवसा ठेवू नका. आणि शोरूममध्ये सांगितलेलं ६०-६५ डोक्यातनं काढा, ते कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या संध्याकाळच्या गर्दीत मोजलेलं नसतंय.

आता हा आकडा खाली कसा आणायचा. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हवा. टायर थंड असताना, आठवड्यातनं एकदा, चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकर असतोय त्यावर लिहिलेलीच. मागं माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाला जास्त लागते, तेही त्याच स्टिकरवर असतंय. दुसरं, गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवा. जरा फिरून लगेच थांबलं तर ब्रेक घासतोय, किंवा चेन सुकली आहे. हे मेकॅनिककडं न जाताही कळतं, आणि अशी गाडी चालवणं म्हणजे ब्रेक दाबूनच ॲक्सिलरेटर पिळणं. तिसरं, अर्धा क्लच. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं सापडलात की हे हमखास होतंय, दुसऱ्या गिअरात अर्धा क्लच दाबून रेस करत बसायचं, ओव्हरटेकला जागा नाही, हॉर्न ऐकायला ड्रायव्हरकडं कान नाही कारण त्याचा टेप चालू. तिथं सरळ अंतर सोडा आणि पहिल्या गिअरात क्लच पूर्ण सोडून चला. दुधाचे कॅन लावून पहाटे गावातनं शहरात येणाऱ्यांचं ॲव्हरेज वजनानं तसंही पडतंय, त्यांनी तर हवेत अजिबात हयगय करू नये. वेग ४०-५० च्या मधला ठेवा, हायवेला सत्तर-ऐंशीनं ताणलं की वाराच पेट्रोल खातो.

पंपावर झिरो बघायचं हे सगळ्यांना माहीत आहे, पण पुढचं कुणी करत नाही. प्रत्येक पंपावर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवणं बंधनकारक आहे आणि ग्राहकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं, ५ लिटरला २५ मिलीपर्यंतच फरक चालतो. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा, थेंब टाकून उडू द्या, चांगलं पेट्रोल असेल तर डाग राहत नाही. मागितल्यावर तोंड वाकडं करतील, करू देत. मापाचं नाहीच ऐकलं तर वैधमापनशास्त्र खात्याकडं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडं, तक्रार जाते.

आता आपल्या कोल्हापूरकरांचा आवडता विषय, बॉर्डरपलीकडचं पेट्रोल. कागल ओलांडून कोगनोळीकडं गेलं की कर्नाटक, तिथला टॅक्स वेगळा म्हणून रेट वेगळा. फरक समजा ३ रुपये असला आणि तुम्ही ८ लिटर भरलं तर वाचले २४ रुपये. जायला-यायला ५० किलोमीटर धरा, वर काढलेल्या आकड्यानं ११६ रुपये जळले. निपाणीला कामच असेल तर तिथं टाकी फुल्ल करा, नाहीतर उगाच जाऊ नका. चारशे लिटरची टाकी असलेला ट्रकवाला तिकडं भरतोय ते बरोबर आहे, बुलेटवाल्यानं त्याची कॉपी करू नये.

रेट वाढतो का, हे समजलं तर पुढचा अंदाज बांधता येतो. आपण ८५ टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरनं आणतो. एका बॅरलमध्ये १५९ लिटर, त्यामुळं डॉलर ८५ रुपयांना धरला तर बॅरल १ डॉलरनं वाढलं की लिटरमागं साधारण ५३ पैसे. म्हणजे टीव्हीवर होर्मुझच्या सामुद्रधुनीचं नाव सुरू झालं, जिथनं जगातलं जवळपास पाचवा हिस्सा तेल जातंय, की हा गुणाकार करून बघायचा. रुपया पडला तरी तोच मार. पण उलटं झालं की आपल्यापर्यंत पोचत नाही हेही लक्षात ठेवा. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत तेलाचा वायदा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव) चक्क शून्याच्या खाली गेला होता, आणि मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये टॅक्स वाढवला. त्यात पेट्रोल अजून जीएसटीत नाही आणि राज्याचा व्हॅट टक्क्यात आहे, म्हणजे रेट चढला की टॅक्सही आपोआप चढतो. तेव्हा उद्या स्वस्त होईल म्हणून बजेट करू नका. तेल संपणार संपणार हे आपण शाळेपासून ऐकतोय, संपलं नाही, आणि माझ्या मते एवढ्यात संपतही नाही. वरखाली मात्र होतच राहणार.

इथेनॉलवर आपल्याकडं दोन बाजू आहेत, कारण घरात ऊस पण आहे आणि दारात गाडी पण. कारखान्याला पैसा मिळतोय हे खरं, पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद एक तृतीयांशानं कमी असते हेही खरं. ई-२० साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, न बनलेल्या जुन्या दुचाकीचं ॲव्हरेज ३-४ टक्क्यांनी पडेल असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होतं. २०२३ च्या आधीची गाडी असेल तर मॅन्युअल बघा आणि सर्व्हिसिंगला रबरी पाइप, गॅस्केट तपासायला सांगा. इथेनॉल पाणी ओढतंय, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवू नका, आणि ठेवायचीच असेल तर झाकणाचं रबर नीट बसतंय का बघा.

इलेक्ट्रिक घ्यायची का, हा सगळ्यांचा प्रश्न. परत तोच आकडा काढा. १०० किलोमीटरला साधारण ४ युनिट धरा. महावितरणचं बिल महिन्याला १०० युनिटच्या वर गेलं की वरच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो, म्हणून १२ रुपयेच धरा, म्हणजे किलोमीटरला ४८ पैसे. पेट्रोलशी फरक १ रुपया ८५ पैसे. रोज ४० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत लांबनं ये-जा करणारा, त्याचे वर्षाला २२ हजार वाचतात. रोज १० किलोमीटर चालवणाऱ्याचे साडेपाच हजार. गाडी ३० हजारानं महाग पडत असेल तर पहिल्याचे दीड वर्षात वसूल, दुसऱ्याला साडेपाच वर्षं लागणार आणि तोवर बॅटरीची काळजी सुरू. दुसऱ्यानं जुनीच गाडी नीट ठेवावी, हे माझं स्पष्ट मत. घेणाऱ्यानं बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर हे लेखी घ्या, सेल्समनच्या तोंडावर जाऊ नका.

छत स्वतःचं असेल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सोलर पॅनेलला ७८ हजार सबसिडी आहे, एक किलोवॅटमागं दिवसाला ४ युनिटच्या आसपास तयार होतात. जुलैत आपल्याकडं सूर्य सुट्टीवर असतोय, तेव्हा वर्षाची सरासरी बघूनच हिशोब करा. फ्लॅटवाल्यांना आधी सोसायटी पटवावी लागणार, ते काम पॅनेल बसवण्यापेक्षा अवघड.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. २०१९ च्या महापुरात हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, टँकर शहरात येऊ शकले नाहीत आणि पेट्रोल होतं ते आधी बचावकार्याच्या गाड्यांना मिळालं. पंचगंगेची पातळी इशाऱ्याकडं सरकायला लागली की त्याच दिवशी भरून घ्या, पण टाकीतच, पाण्याच्या बाटलीत किंवा कॅनमध्ये भरून घरात गॅसशेजारी ठेवायचा शहाणपणा नको.