स्ट्रोकच्या पेशंटपर्यंत संशोधन पोचवताना

न्यूरो-रिहॅबमध्ये, म्हणजे मेंदूच्या आजारानंतरच्या पुनर्वसनात, नव्याने आलेले विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतात, "कोणते पेपर वाचू?" मी सांगते, एवढ्यात कोणतेच नको. आधी वॉर्डातला एक पेशंट धरा आणि त्याच्याबद्दल पडलेला प्रश्न एका वाक्यात लिहा. "स्ट्रोकमध्ये मिरर थेरपी (आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत केलेला सराव) उपयोगी आहे का?" हा झाला निबंधाचा विषय. "स्ट्रोकला दोन महिने झालेत, बोटं हलत नाहीत, नेहमीच्या व्यायामाला मिरर थेरपीची जोड दिली तर हाताची हालचाल अधिक सुधारेल का?" हा प्रश्न शोधता येतो. पेशंट कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि मोजायचं काय, हे चारही त्यात आलं.

शोधायला पेड्रो आणि कॉक्रेन (अनेक अभ्यास एकत्र तपासणारे आढावे) ही दोन ठिकाणं सुरुवातीला पुरतात. पेड्रो हा फिजिओथेरपीचा मोफत डेटाबेस 1999 पासून चालू आहे आणि त्यात प्रत्येक ट्रायलला, म्हणजे उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासाला, 10 पैकी गुण दिलेले असतात. व्यायाम करून घेणाऱ्या थेरपिस्टपासून तो काय करून घेतोय हे लपवता येत नाही आणि तसं लपवण्याचे गुण हातचे जातात, त्यामुळे आपल्या क्षेत्रात 8 गुण म्हणजे उत्तमच. पण हे गुण अभ्यास किती काटेकोर होता एवढंच सांगतात. उपचाराने किती फरक पडला, ते आत शिरूनच बघावं लागतं.

आत शिरल्यावर निष्कर्षाकडे धावू नका. ट्रायलमध्ये कोणाला घेतलं, तो परिच्छेद आधी वाचा. चांगला हात हातमोज्यात बांधून दुबळ्या हाताकडून काम करून घेण्याच्या पद्धतीवर 2006 मध्ये एक्साइट ही ट्रायल आली. पेशंट 222, स्ट्रोकला 3 ते 9 महिने झालेले, आणि मनगट व बोटं थोडी तरी उघडता येणारे. हात पूर्ण लुळा असलेला पेशंट त्यात नव्हताच. शिवाय हातमोजा जागेपणीच्या 90 टक्के वेळ घालायचा होता आणि दोन आठवडे कामाच्या दिवशी कित्येक तास सराव होता. आपण दिवसाला अर्धा तास हातमोजा घालून "एक्साइटप्रमाणे" म्हणत असू, तर तो वेगळाच उपचार झाला. त्याचा उपयोग होईलही, पण त्याला या ट्रायलचा आधार नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ॲव्हर्ट या ट्रायलवरून. 2015 मध्ये ती प्रसिद्ध झाली: 5 देशांतली 56 केंद्रं, 2104 पेशंट. स्ट्रोकनंतर 24 तासांच्या आत उठवायला सुरुवात करून जास्त वेळा, जास्त वेळ हालचाल करून घेतलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत 46 टक्के होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात 50 टक्के. ॲबस्ट्रॅक्टवर, म्हणजे पेपरच्या सारांशावर, थांबणारा म्हणतो, "म्हणजे पेशंटला झोपवूनच ठेवायचं." पण "नेहमीचे उपचार" म्हणजे तिथे काय होतं? त्या गटातले निम्मे पेशंटही साधारण 22 तासांच्या आत पलंगावरून उठले होते. लवकर उठवलेल्या गटात हाच आकडा साडेअठरा तास. खरी तफावत डोसमध्ये होती: रोज सुमारे 31 मिनिटं विरुद्ध 10. पुढच्या विश्लेषणात दिसलं की एकूण वेळ तेवढाच असेल तर थोडं थोडं, पण अनेकदा उठवणं फायद्याशी जोडलेलं होतं आणि एकूण मिनिटं वाढवणं तोट्याशी. त्यामुळे पहिल्या दिवसांत मी लांबलचक सेशन टाळते, पेशंटला झोपवून मात्र ठेवत नाही. तुलनेच्या गटाला काय मिळालं हे न वाचता पेपर मिटू नका, असं मी म्हणते ते यासाठी.

यंत्रांच्या बाबतीत तर हे फारच लागू पडतं. 2019 च्या रॅटुल्स ट्रायलमध्ये 770 जणांपैकी ज्यांना रोबोटचा सराव मिळाला, त्यांच्या हाताची कामं नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारली नाहीत. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हे तुम्हाला सापडायचं नाही.

मग आकडे. पेपरमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला म्हणून तो पेशंटला जाणवेलच असं नाही. हाताने वस्तू पकडणं, उचलणं तपासणाऱ्या ए-आर-ए-टी चाचणीचे एकूण गुण 57. त्यात साधारण 6 गुणांची वाढ झाली तर ती अर्थपूर्ण मानतात. चालण्याच्या वेगात स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सेकंदाला 0.16 मीटर हा असाच एक आकडा. हे दोन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सिनिअरांशी वाद घालायला पेपर नेऊ नका, हा माझा अगदी व्यवहारी सल्ला. नुसत्या स्ट्रेचिंगने सांध्याच्या हालचालीत दखल घेण्याजोगा फरक पडत नाही, असं कॉक्रेनचा 2017 चा आढावा सांगतो. ते तोंडावर सांगितलंत तर दार बंद. "आपण या पेशंटचा कोन आज आणि महिन्याने मोजू या का?" असं विचारलंत तर बहुतेक जण हो म्हणतात.

आणि मोजूनही फरक दिसला नाही, तर उपचार बदलण्याआधी तो प्रत्यक्षात किती झाला ते बघा. 2009 च्या एका निरीक्षणात, हाताचा कामासाठीचा सराव झालेल्या सेशनमध्ये सरासरी फक्त 32 वेळा हालचाल झालेली आढळली होती. आपल्याला मात्र वाटतं, आज भरपूर करून घेतलं. मोजायला हातात धरायचा साधा काउंटर पुरतो, आणि तो नातेवाइकांच्या हातात दिला तर ते तुमच्यापेक्षा काटेकोर मोजतात.