चॅटवर लिहिलेलं भयंकर काहीतरी गुन्हा कधी ठरतं? अशी केस कशी वाचायची

"अमक्याच्या कॉम्प्युटरवर बायकांना पळवून मारायचे प्लॅन सापडले" अशी बातमी आली की आपण दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे होतो. एकतर "टाका आत, कसली वाट बघताय", नाहीतर "अरे नुसतं लिहिलंय, केलं कुठे". दोन्ही घाईचं. अशा केसमध्ये बघायचं काय आणि कुठून सुरुवात करायची ते इथे लिहितोय. जवळपास सगळं अमेरिकेतल्या कायद्याबद्दल आहे, कारण या विषयावरच्या गाजलेल्या केसेस तिथल्याच आहेत. दुसऱ्या देशात रेघ दुसरीकडे असू शकते, ब्रिटन आणि कॅनडाचं थोडं मधे येईलच.

मजकूर किती किळसवाणा आहे हे आधी बाजूला ठेवा. अवघड जातं, पण ठेवा. वाचून पोटात ढवळलं म्हणजे पुरावा मिळाला असं होत नाही. आणि उलटही खरं आहे, "उद्या पाच वाजता गेटजवळ ये, दोरी मी आणतो" ही ओळ वाचायला अगदीच मिळमिळीत वाटते पण कोर्टात तीच जास्त वजनदार ठरू शकते.

मग पहिलं काम म्हणजे आरोप नक्की कशाचा आहे ते शोधा. बातमीत मथळा असतो "विकृत फॅन्टसी" आणि खरा आरोप चौथ्या-पाचव्या परिच्छेदात कुठेतरी दडलेला असतो. "विकृत विचार" नावाचं कलम नाही. कट रचणं, प्रयत्न करणं, दुसऱ्याला गुन्ह्यासाठी उकसवणं, धमकी देणं, बेकायदा मटेरियल बाळगणं किंवा पसरवणं, यातलं काहीतरी असणार, आणि प्रत्येकात सिद्ध काय करायचं ते वेगळं. हे न बघता वाद घातला तर दोन माणसं दोन वेगळ्या केसेसबद्दल भांडत बसतात.

कटाचं उदाहरण घेऊ, कारण सगळा गुंता तिथेच आहे. न्यूयॉर्क पोलिसातला गिल्बर्टो व्हॅले, ऑक्टोबर २०१२ मध्ये अटक. बायकोला संशय आला, तिने कॉम्प्युटरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि तिला दिसलं की नवरा रात्री एका फेटिश (चाकोरीबाहेरच्या लैंगिक आवडींच्या) साइटवर अनोळखी लोकांशी बायकांना पळवून, शिजवून खाण्याच्या गप्पा मारतोय, आणि त्या बायका ओळखीच्या, त्यात ती स्वतःही. ती थेट एफबीआयकडे गेली, आणि माझ्या मते अगदी बरोबर केलं, पुढे कोर्टात काहीही ठरलं तरी. मार्च २०१३ मध्ये ज्युरीने, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, अपहरणाच्या कटात त्याला दोषी धरलं. २०१४ मध्ये खटला चालवणाऱ्या जज गार्डेफी यांनीच तो निकाल फिरवला, तोवर हा माणूस २१ महिने आत होता. डिसेंबर २०१५ मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी सुटका कायम केली.

आता जजने बघितलं काय ते बघा, तीच शिकायची गोष्ट आहे. व्हॅले बऱ्याच जणांशी, सुमारे दोन डझन लोकांशी असल्या गप्पा मारत होता. त्यातल्या बहुतेक गप्पा कल्पनाच आहेत हे सरकारी बाजूलाही मान्य होतं, मोजक्या तिघांबरोबरचं तेवढं "खरं" होतं असं त्यांचं म्हणणं. मग जजने दोन्ही ढीग शेजारी ठेवून पाहिले तर फरकच सापडेना: तीच भाषा, त्याच थापा. तळघर, माणूस मावेल एवढा ओव्हन, दूर कुठेतरी एकांतातलं घर, यातलं काही अस्तित्वातच नव्हतं. बायकांबद्दल दिलेली माहिती बरीचशी खोटी. एका बाईची किंमत ५,००० डॉलर ठरली, त्यावर घासाघीसही झाली, पण एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. एकाच दिवशी तीन अपहरणं, तीन वेगवेगळ्या ठिकाणी, त्यातलं एक पाकिस्तानात! तारीख आली, गेली, आणि "काय रे झालं का" असं कोणी कोणाला विचारलंसुद्धा नाही. ग्रुपवर ठरणाऱ्या ट्रिपसारखं. खरा कट असता तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी चिडलं असतं.

सरकारी बाजूकडेही मुद्दे होते, ते लपवून उपयोग नाही. त्याने क्लोरोफॉर्म कसा बनवायचा असलं सर्च केलं होतं, गप्पांत जिचं नाव यायचं अशा एका मैत्रिणीला तो खरंच जाऊन भेटला होता (सहकुटुंब, जेवायला), पोलिसांच्या डेटाबेसमध्ये एका बाईची माहिती काढली होती. ज्युरीला हे पुरलं, अपील कोर्टातल्या तिघांपैकी एका जजलासुद्धा पुरलं. म्हणजे रेघ अगदी बारीक आहे, आणि "मी तर नुसतं सर्च केलं" म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

त्याच तपासाच्या धाग्यातून पुढे आणखी काही जण सापडले, त्यांचं मात्र वेगळं झालं. एकाने स्टन गन (विजेचा झटका देणारं हत्यार) विकत घेतली, दोरी आणि हत्यारं जमवली, गुप्त एजंटला प्रत्यक्ष भेटला, "हिला उचलायचंय" म्हणून दाखवलेल्या बाईवर पाळत ठेवली (ती बाईसुद्धा एफबीआयचीच). हे लोक दोषी ठरले, आणि त्याच जज गार्डेफींनी तो निकाल फिरवला नाही. इंग्लंडमध्ये तर आणखी टोकाचं, व्हॅलेशी गप्पा मारणाऱ्यांपैकी एक, पेशाने नर्स, १४ वर्षांची मुलगी भेटणार असं समजून रेल्वे स्टेशनवर गेला, आदल्या दिवशी कुऱ्हाड घेऊन ठेवलेली. २०१४ मध्ये तिथे दोषी ठरला. म्हणजे एकाच चॅटची दोन टोकं, एका टोकाचा माणूस खुर्चीतच बसून राहिला आणि दुसरा स्टेशनवर गेला.

तेव्हा कटाची केस वाचताना प्रश्न असे टाका. चॅटच्या बाहेर काय घडलं? खरी नावं, खरे पत्ते, फोन नंबर एकमेकांना दिले का? पैसे सरकले का? वस्तू घेतली का, आणि ती त्या कामाशिवाय दुसऱ्या कशाला लागते का? ठरलेल्या दिवशी कोण कुठे होतं? प्लॅन फसल्यावर नवा प्लॅन झाला का? अमेरिकेतल्या फेडरल (म्हणजे राज्याच्या नव्हे, केंद्राच्या कायद्यातल्या) अपहरण-कटात नुसतं "हो, करू" म्हणून भागत नाही, कटातल्या कोणीतरी तो पुढे नेणारं काहीतरी करावं लागतं. पण ते कृत्य फार मोठं असायला लागत नाही हेही लक्षात ठेवा, साधा फोनसुद्धा चालू शकतो. म्हणूनच खरी मारामारी "दोघांच्या मनात खरंच होतं का" यावर होते. आणि दोघंही खरे हवेत, समोरचा एकटाच आणि तोही सरकारी एजंट असेल तर फेडरल कायद्यात कट बसत नाही, मग प्रयत्नाचा किंवा उकसवण्याचा आरोप लावतात. प्रयत्नाला नुसत्या तयारीच्या पुढे गेलेलं ठोस पाऊल लागतं.

आता धमकी. इथे कट लागत नाही, दुसरा माणूस सामील लागत नाही, शब्दच पुरतात. फक्त बघायचं की शब्द कोणाकडे गेले. १९९५ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीच्या एका विद्यार्थ्याने वर्गातल्या मुलीचं खरं नाव घालून छळाची गोष्ट इंटरनेटवर टाकली, मॉस्कोतून कोणीतरी वाचली आणि युनिव्हर्सिटीला कळवलं. फेब्रुवारीत अटक झाली, महिनाभर आत राहिला, आणि खटला शेवटी उभा राहिला तो गोष्टीवर नाहीच, तर कॅनडातल्या एका ओळखीच्याला पाठवलेल्या ईमेलवर. कोर्टाने तो काढून टाकला, १९९७ मध्ये अपील कोर्टानेही तेच म्हटलं: दोन समविचारी माणसं एकमेकांना मिटक्या मारत लिहीत होती, त्यातून कोणाला घाबरवायचं नव्हतं, म्हणून ही कायद्यातली धमकी नव्हे. त्या मुलीला काय वाटलं असेल याचा विचार केला तर हा निकाल गिळायला जड जातो, मलाही जातो. पण कायद्याचं म्हणणं ते आहे.

तोच मजकूर तिच्या इनबॉक्समध्ये टाकला असता तर चित्र पालटलं असतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने काउंटरमन केसमध्ये सांगितलं की धमकीसाठी निदान एवढं सिद्ध करा की समोरच्याला हे धमकीसारखं वाटेल हा धोका माहीत असूनही त्याने बेफिकीरपणे पाठवलं. "गंमत होती", "गाण्याच्या ओळी होत्या" हे म्हणणं आपोआप वाचवत नाही.

तिसरा प्रकार मटेरियलचा, आणि इथे "माझी खासगी फॅन्टसी" हे वाक्य जवळपास निकामी आहे. खऱ्या मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारे फोटो-व्हिडिओ जाणूनबुजून बाळगणं हाच गुन्हा, मनात काय होतं, पुढे काय करणार होता, कोणाला दाखवलं का, काही विचारत नाहीत. मोठ्यांचं अश्लील काही घरात ठेवलं म्हणून शिक्षा करता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्येच म्हटलं होतं, पण १९९० मध्ये मुलांच्या बाबतीत ती ढाल लागू नाही हे स्पष्ट केलं. लिहिलेल्या किंवा चितारलेल्या कल्पनांचं प्रकरण जास्त धूसर. ओहायोत २००१ मध्ये एका माणसाला, जो आधीच प्रोबेशनवर होता (म्हणजे आधीच्या गुन्ह्यात देखरेखीखाली बाहेर होता), स्वतःच्या खासगी वहीत लिहिलेल्या काल्पनिक गोष्टींवरून सात वर्षांची शिक्षा झाली, कारण त्याने गुन्हा कबूल केला होता. २००३ मध्ये अपील कोर्टाने ती कबुली मागे घेऊ दिली. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच स्वतः लिहिलेलं आणि फक्त स्वतःपाशी ठेवलेलं असं लिखाण कायद्यातून वगळलं. ब्रिटनमध्ये २००८ च्या कायद्याने टोकाच्या हिंसक पोर्नच्या प्रतिमा नुसत्या बाळगणंसुद्धा गुन्हा केला, तो मोठ्या माणसांच्या प्रतिमांनाही लागू आहे. तिथेच एका पॉप ग्रुपच्या मुलींच्या खुनाची गोष्ट ऑनलाइन टाकणाऱ्यावर खटला भरला होता, तो मात्र २००९ मध्ये सरकारी बाजूने पुरावाच न मांडल्याने संपला.

एक छोटा फाटा, जो बातमीत सुटतो. मोठा आरोप टिकत नाही असं दिसलं की शेजारचा आरोप शोधतात. व्हॅलेवर डेटाबेस वापरल्याचा वेगळा गुन्हा होता आणि कटातून सुटल्यावरही तो चिकटून राहिला होता, अपील कोर्टाने तोही काढला. ज्या डेटाबेसमध्ये शिरायची परवानगी आहे तिथे चुकीच्या हेतूने शिरणं म्हणजे कॉम्प्युटर-गुन्हा नाही, हाच अर्थ २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका पोलिसाच्या केसमध्ये पक्का केला. नोकरी जाऊ शकते, तो भाग निराळा.

आता घरात असं काही सापडलं तर. कायदा नंतर, जीव आधी: त्यात तुमचं किंवा कोणाचं खरं नाव, पत्ता, वेळापत्रक, फोटो असतील तर ते कल्पना आहे का प्लॅन हे ठरवायची जबाबदारी तुमची नाही. सुरक्षित जागी जा आणि पोलिसांना सांगा. चॅट डिलीट करू नका, "बघ काय सापडलं" म्हणून नातेवाइकांना फॉरवर्ड करू नका, त्या माणसाला एकट्याने जाब विचारू नका. तारीख आणि युजरनेम दिसतील असं जपून ठेवा. पण लहान मुलांच्या प्रतिमा दिसल्या तर स्क्रीनशॉटसुद्धा काढू नका, कॉपी करणं तुमच्याच अंगाशी येऊ शकतं, मशीन तसंच ठेवून कळवा.

आणि डोक्यात असले विचार ज्याच्या येतात त्याने हे वाचलं तर त्यालाही सरळ सांगतो. विचार येणं गुन्हा नाही. खऱ्या माणसाचं नाव घालणं थांबव, तिचा पत्ता शोधणं थांबव, अनोळखी लोकांबरोबर तारखा ठरवणं तर आत्ताच्या आत्ता थांबव, कारण तुझ्यासाठी खेळ असला तरी समोरच्यासाठी असेलच असं नाही, ती कुऱ्हाड आठव. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाता येतं. तिथलं बोलणं साधारणपणे खासगी राहतं, पण ओळखता येईल अशा माणसाला खरा धोका आहे असं दिसलं तर त्याला वाचवायची जबाबदारी डॉक्टरवर येते, कॅलिफोर्नियाच्या १९७६ च्या तारासॉफ निकालापासून अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हे आहे. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घे की काय गुप्त राहतं आणि काय नाही.

शेवटचं, एफबीआयवाले दारात येऊन "फक्त दोन प्रश्न" म्हणाले तर. गप्प राहायचा हक्क आहे, वकील मागायचा हक्क आहे, खोटं बोलायचा मात्र नाही, त्यांना तपासात महत्त्वाच्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटं सांगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "त्या साइटवर मी कधी गेलोच नाही" हे लाजेपोटी तोंडातून निघणारं वाक्य असतं आणि लॉग त्यांच्याकडे आधीच असतात. तेव्हा "वकिलाशिवाय बोलणार नाही" एवढंच म्हणा आणि खरंच बोलू नका. हार्ड डिस्क पुसायला तर मुळीच बसू नका, तोही वेगळा गुन्हा होतो, आणि हा फॅन्टसीपेक्षा सिद्ध करायला कितीतरी सोपा.