पाळीचं दुखणं अंगावर काढताय? एंडोमेट्रिओसिस ओळखताना या चुका टाळा

"पाळीत दुखायचंच," हे खानापूर-निपाणीकडच्या मुलीला आधी आई ऐकवते, मग सासू. थोडंफार दुखतं, खोटं नाही. पण दर महिन्याला कॉलेज बुडतंय, विड्या वळायला बसवत नाही, गोळी घेऊनही अंथरूण सुटत नाही, तर तपासून घ्यायलाच हवं. एंडोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, म्हणजे अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयावर वाढतो. मूल होण्याच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायकांना तो असतो.

सगळ्यात मोठी चूक डॉक्टरांसमोर होते. नुसतं "पोट दुखतंय" म्हटलं की ॲसिडिटीची गोळी हातात पडते. डॉक्टर कन्नड बोलणारे असले की नवरा नाहीतर सासू मध्ये बोलते, आणि शौचाला, लघवीला किंवा संबंधाच्या वेळी दुखतं हे सांगायचंच राहतं. निदानाची खरी दिशा तर त्यातूनच मिळते. मध्ये बोलायला नर्सला किंवा आशाताईंना घ्या. नवऱ्याला खुशाल बाहेर बसवा. आणि घरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखेच्या चौकटीतच लिहीत चला: "कंबर, मांडीपर्यंत कळ. गोळ्या 3. शौचाला फार दुखलं." दोन-तीन महिन्यांची पानं फोटो काढून न्या.

दुसरी चूक म्हणजे सोनोग्राफी नॉर्मल आली की फाईल कपाटात टाकणं. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, सोनोग्राफीत बहुधा दिसते. पातळ, पसरलेले डाग सुटतात. सीए-125 ही रक्ततपासणीही निदानाला पुरत नाही, उगीच पैसे घालवू नका. उलट, दुर्बिणीतून ऑपरेशन केल्याशिवाय उपचारच नाहीत, हाही गैरसमज. युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरून हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून होते, गरज पडली तर एमआरआय. आतून तपासतील या भीतीने तपासणी टाळू नका.

"लग्न कर, मूल झालं की थांबतंय," हा सल्ला तर औषध म्हणून देऊच नये. गरोदरपणात काहींना आराम पडतो, आजार जात नाही.

एकदम असह्य कळ, ताप, चक्कर, किंवा पाळी चुकलेली असताना दुखणं सुरू झालं, तर कॅलेंडर राहू दे, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एरवी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागात दाखवता येतं. मूल हवं असेल तर ते पहिल्यांदा सांगा. हार्मोनच्या गोळ्या चालू असेपर्यंत सहसा गर्भ राहत नाही, त्यामुळे उपचाराचा मार्गच वेगळा ठरतो.