पर्ड्यूचा 2025चा फुटबॉल मोसम: अपेक्षांची तयारी

आधी आकडा कागदावर लिहा. पर्ड्यू, म्हणजे इंडियाना राज्यातलं आपलं विद्यापीठ, यंदा अमेरिकन फुटबॉलच्या बारापैकी किती सामने जिंकेल, तो आकडा, 30 ऑगस्टच्या आत, पेनाने. फोनमध्ये नको, तिथे खाडाखोड दिसत नाही. माझा आकडा तीन आहे. चार झाले तर पेढे माझ्याकडून. सहा झाले की बाउलला (मोसमानंतरच्या खास सामन्याला) जाता येतं हे मलाही ठाऊक आहे, पण ज्यांच्या डोक्यात सहा घोळतोय त्यांनी पुढचं सगळं दोनदा वाचावं. लिहिलेला कागद फ्रिजवर लावा आणि बॉल स्टेटचा सामना झाल्यावर त्याला हात लावू नका. जिंकलो तरी नाही. मोठ्या फरकाने जिंकलो तर मुळीच नाही.

एवढं बजावायचं कारण गेल्या वर्षी घडलंय. 31 ऑगस्ट 2024 रोजी आपल्या रॉस-एड मैदानावर आपण इंडियाना स्टेटला 49-0 असं धुतलं. आपला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) हडसन कार्डने 25 पैकी 24 पास पूर्ण केले. पुढचा शनिवार रिकामा होता, त्यामुळे तो 49-0 दोन आठवडे डोक्यात मुरत राहिला, आणि मी शिकागोच्या अख्ख्या कंपूला नोटर डेमच्या सामन्याची तिकिटं काढायला लावली. मध्यंतराला 42-0 ने मागे, शेवटी 66-7 ने हरलो. परतीच्या रस्त्यावर गाडीत कोणी माझ्याशी बोललं नाही. त्यानंतर नोव्हेंबर संपेपर्यंत एक सामना जिंकला नाही. 1-11. बिग टेन या आपल्या कॉन्फरन्समध्ये (संघांच्या गटात) नऊपैकी शून्य.

आता हिशोब बघा. बारा सामन्यांत मिळून आपण 189 गुण केले, त्यातले 49 त्या एका दुपारचे. ती दुपार वगळली तर उरलेल्या अकरा सामन्यांत सरासरी तेराच्याही आत, आणि विरुद्ध बाजूने खाल्ले सरासरी साडेत्रेचाळीस. म्हणजे पहिला सामना नुसता निरुपयोगी नव्हता, त्याने सरळ उलटी माहिती दिली. इंडियाना स्टेट खालच्या विभागातली. त्या विभागात तेव्हा शिष्यवृत्त्या 63 असायच्या, आपल्याकडे 85, आणि असे संघ बऱ्याचदा रग्गड मानधन घेऊन मोठ्यांच्या मैदानावर हरायला येतात. तिथे झळाळणार नाही तर कुठे झळाळणार?

यंदा पुन्हा तोच सापळा आहे, आणि तोही दुहेरी. 30 ऑगस्टला बॉल स्टेट, 6 सप्टेंबरला सदर्न इलिनॉय, दोन्ही घरच्या मैदानावर. बॉल स्टेट आपल्याच विभागातली असली तरी लहान कॉन्फरन्सची, शिवाय तिचाही कोच नवा. सदर्न इलिनॉय खालच्या विभागातली. दोन्ही जिंकायलाच हवेत, आणि बहुधा जिंकू. म्हणजे 7 सप्टेंबरच्या सकाळी आपण 2-0 असू, गेल्या अख्ख्या मोसमाच्या दुप्पट विजय खिशात, आणि कोणीतरी ग्रुपवर बाउलची विमानभाडी टाकेल. त्याला उत्तर देऊ नका. कागद तसाच. हे दोन विजय त्या तीनात आधीच धरलेले आहेत, वरकमाई नाही. मी तीन म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ हे दोन आणि बिग टेनमध्ये कुठेतरी एक, बस.

खेळाडूंची नावं पाठ करणं हे दुसरं काम, आणि यंदा ते खरंच मोठं आहे. ट्रान्स्फर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) पन्नासहून अधिक खेळाडू आलेत. ज्यांना ओळखत होतो त्यातले चांगले बरेचसे गेले. डिलन थिएनेमन, इथलाच वेस्टफील्डचा पोरगा, थोरल्या भावांमागून पर्ड्यूत आला आणि 2023 मध्ये बिग टेनचा सर्वोत्तम नवखा ठरला, तो ऑरेगनला गेला. मॅक्स क्लेअर ओहायो स्टेटला, म्हणजे 8 नोव्हेंबरला तो आपल्याच मैदानावर आपल्याविरुद्ध उतरेल. विल हेल्ट क्लेमसनला. राहिला तो डेव्हिन मॉकोबी. शिष्यवृत्तीशिवाय आलेला, बूनव्हिलसारख्या गावातला, आणि आता ओळखीचा म्हणावा असा जवळजवळ तोच. जुनी जर्सी घालायची असेल तर त्याची घाला, बाकीच्यांच्या पाठीवरची नावं आता दुसऱ्या गावात आहेत. रायन ब्राउनची गंमत वेगळीच: हिवाळ्यात नॉर्थ कॅरोलिनाला गेला, वसंतात परत आला. क्वार्टरबॅक तो की आर्कान्सासहून आलेला मलकाय सिंगलटन यावर आतापासून हातघाईवर येऊ नका. नव्या ऑफेन्सिव्ह लाइनने (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांनी) दोन सेकंद दिले नाहीत तर दोघंही सारखेच दिसतील. सप्टेंबरमध्ये बघायचं असेल तर चेंडूमागे न धावता त्या पाच जणांकडे बघा. बरेचसे अनोळखी, एकमेकांनाही नवे. त्यांचं जुळायला ऑक्टोबर उजाडतो, आणि बॉल स्टेटविरुद्ध जुळलेलं दिसलं तर ते जुळलेलं नसतं. हो, पुन्हा तेच सांगतोय.

पैशाचं थोडक्यात. 1 जुलै 2025पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, यंदाची मर्यादा साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. मर्यादा सगळ्यांना सारखी म्हणून सगळे सारखे होतील असं समजू नका. ओहायो स्टेटकडे जायला पोरांना पैशापलीकडेही कारणं असतात.

कोच. बॅरी ओडम नवे, त्यांच्याबद्दल अपेक्षा ठेवायला जागा आहे. लास वेगासच्या युएनएलव्हीला दोन मोसमांत त्यांनी 19 सामने जिंकून दिले, आणि तो काही जिंकायची सवय असलेला संघ नव्हता. मिझूरीला मात्र चार वर्षांत 25 विजय, 25 पराभव आणि नारळ. त्यातला 2017 चा मोसम नीट बघून ठेवा, कारण त्यात आपणही आहोत. त्या सप्टेंबरमध्ये जेफ ब्रॉमच्या नव्या पर्ड्यूने ओडमच्या मिझूरीला त्यांच्याच मैदानावर 35-3 असं लोळवलं. मिझूरी पुढे 1-5 पर्यंत घसरली. तिथून ओळीने सहा जिंकून बाउलला गेली. म्हणजे या माणसाच्या संघाकडे सप्टेंबरमध्ये बघून निकाल लावायचा नसतो, हरताना नाही आणि (30 ऑगस्टचं सांगतोय) जिंकतानाही नाही.

आणि ब्रॉमची ती पहिली टीम? तिने मोसमाची सुरुवात पराभवाने केली होती. इंडियानापोलिसला लुईव्हिलविरुद्ध 35-28, समोर आदल्याच वर्षीचा हाइजमन (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) विजेता लामार जॅक्सन. आधीची चार वर्षं आपण 9-39 होतो, त्यामुळे हरल्याचं कोणाला विशेष वाटलं नाही. तो मोसम 7-6 असा, बाउल जिंकून संपला. एक वर्ष 35-28 ने हरून सुरू झालं आणि सात जिंकले, दुसरं 49-0 ने जिंकून सुरू झालं आणि तो एकच. आता तरी पटतंय का?

कोलोराडोचं उदाहरण ग्रुपवर येणारच, म्हणून उत्तर तयार ठेवा. 2022 मध्ये 1-11, मग कोच म्हणून डिऑन सँडर्स आले, जवळजवळ सगळी टीम बदलली, आणि 2023 च्या पहिल्याच सामन्यात टेक्ससच्या टीसीयूला त्यांच्या घरी 45-42 असं हरवलं. टीसीयू आदल्या मोसमाची उपविजेती. 3-0 पर्यंत सगळा देश त्यांच्यामागे वेडा झाला. मोसम संपला 4-8 वर. नऊ विजय आले ते दुसऱ्या वर्षी. तिथे तर समोर टीसीयू होती, आपल्यासमोर बॉल स्टेट आहे.

आपल्याच राज्यातल्या प्रतिस्पर्धी इंडियाना विद्यापीठाचं उदाहरण जास्त झोंबणारं. कर्ट सिग्नेटीने 3-9 वाला संघ हाती घेतला आणि 2024 च्या पहिल्याच फटक्यात 11-2, राष्ट्रीय विजेतेपदाची प्लेऑफसुद्धा. त्यांच्या ब्लूमिंग्टनला शिकलेला एखादा मावसभाऊ किंवा बायकोचा चुलतभाऊ प्रत्येकाच्या घरी असतोच. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी आपल्याला 66-0 असं हरवलंय, तेव्हा तूर्त वाद घालू नका. 'त्यांना एका वर्षात जमलं मग आपल्याला का नाही' हा प्रश्न मात्र डोक्यातून काढा. सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून आपले तेरा खेळाडू सोबत घेऊन आले होते, एकत्र खेळून जिंकलेले. आपल्याकडे पन्नास जण पन्नास दिशांनी आलेत.

वेळापत्रक छापून घ्या. 13 सप्टेंबरला यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) घरी, 20 ला नोटर डेम त्यांच्याकडे. इथे 2-2 होणार हे आजच मान्य करा म्हणजे 21 तारखेला कोच बदला म्हणून बोंब ठोकावी लागणार नाही. 4 ऑक्टोबर इलिनॉय घरी, मग मिनेसोटा आणि नॉर्थवेस्टर्न बाहेर, 25 ला रटगर्स घरी. तिसरा विजय असलाच तर या चारांत आहे, म्हणून तिकिटं काढायची असतील तर इलिनॉय किंवा रटगर्सची काढा. गेल्या वर्षी शॅम्पेनला इलिनॉयशी जादा वेळेत 50-49 असं हरलो होतो, बरोबरी न करता दोन गुणांसाठी गेलो आणि चुकलो. गेल्या मोसमातलं बघण्यासारखं तेवढंच.

विजय मोजू नका तर मोजायचं काय, असं विचाराल. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपण अजून सामन्यात आहोत का? गेल्या वर्षी शून्यावर तीनदा संपलो, ऑरेगन, ओहायो स्टेट, इंडियाना, यंदा किती वेळा? थर्ड डाउनला (दहा यार्डांसाठीच्या तिसऱ्या संधीला) समोरच्यांना थांबवता येतंय का? ओडम मूळचे डिफेन्सवाले, तेव्हा आधी तिथेच फरक दिसायला हवा. यूएससीकडून वीस गुणांच्या आत हरलो तर ती बॉल स्टेटवरच्या तीस गुणांच्या विजयापेक्षा मोठी बातमी. हे वाक्य कागदाखाली लिहून ठेवलंत तरी चालेल.

आईबाबा आलेले असतील तर त्यांना बॉल स्टेटच्या सामन्याला न्या. जिंकायची शक्यता, ऊन, बँड, तो भला थोरला ड्रम, सगळं एकदम बघून होतं. चार संधींत दहा यार्ड एवढंच सांगा, बाकी विचारलं तर सांगा, नाहीतर बाबा क्रिकेटशी तुलना सुरू करतात आणि दोन टचडाउन निघून जातात. फक्त घरी परतताना 'यंदा आपली टीम जोरात आहे' असं त्यांच्यासमोर म्हणू नका, ते पुण्याला फोन करून सगळ्यांना सांगतात आणि नोव्हेंबरात तिकडून विचारणा होते.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: इथला दुपारी बाराचा सामना तिकडे रात्री साडेनऊला, 2 नोव्हेंबरला इथली घड्याळं मागे गेली की साडेदहाला. संध्याकाळचा सामना म्हणजे रविवारची पहाट. त्यासाठी उठू नका, निदान ओहायो स्टेटसाठी तरी नाही. मैदानात येणाऱ्यांनी पारदर्शक पिशवी, टोपी, पाणी. रेनकोट आणा, छत्री नको. टेलगेटला (सामन्याआधी गाडीपाशी होणाऱ्या खाण्यापिण्याला) वडापाव नेलात तर शेजारचे लोक खातात, जास्त न्या.

या मोसमात दाखल झालेल्या नव्या विद्यार्थ्यांनो, सीनिअर तुम्हाला 2018 सांगतील, दुसऱ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटला 49-20. मग 2021 मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या आयोवाला 24-7. सगळं खरं आहे. पण ते संघ तयार संघ होते. असला धक्का यंदा ठरवून मागायचा नसतो, झाला तर नाचा.

ऑक्टोबर संपता संपता कंटाळा येईल. येऊ दे, एखादा शनिवार सोडून सफरचंदं तोडायला जा. 1 नोव्हेंबर मिशिगन बाहेर, 8 ओहायो स्टेट घरी, 15 वॉशिंग्टन बाहेर. तिन्ही हरलो असं समजून चला.

28 नोव्हेंबरला इंडियाना, घरी, आणि तो शुक्रवार आहे, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, तेव्हा आधीच कोणाकडे जेवणाचं कबूल करून बसू नका. ओल्ड ओकन बकेटसाठीची (या सामन्याच्या विजेत्याला मिळणाऱ्या लाकडी बादलीसाठीची) पहिली लढत 1925 ची, म्हणजे यंदा शंभर वर्षं. ती 0-0 सुटली होती, म्हणून बादलीच्या साखळीतली पहिली कडी आय आणि पी दोन्ही अक्षरांची आहे, पुढे जो जिंकेल त्याचं अक्षर. जमलं तर त्या रात्री या. गेल्या वर्षीच्या 66 गुणांच्या फरकाचे वीस-पंचवीस झाले तरी पुष्कळ झालं.

पोर्टल उघडलं की पुन्हा नावं पाठ करायची आहेतच, ते तेव्हा बघू. सध्या कागद, पेन, फ्रिज. आणि 30 ऑगस्टच्या संध्याकाळी स्वयंपाकघरात पेन ठेवू नका.